आप्पांनी काढलेली गांडुळं

सुकदेवआप्पा चित्र काढायला बसले की पहिला अर्धा तास पेन्सिलीला हात लावत नसत. नुसते बघत. गोडादऱ्याला, कापड कामगारांच्या वस्तीत, आमच्या समोरच्या खोलीत राहणारे हे खानदेशी गृहस्थ साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवून देत. त्यावरून मागावर काठ विणला जाई.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. गांडुळाच्या कातडीचा पातळ तुकडा निळ्या रंगात ठेवला की मज्जापेशी उमटत, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या. त्या मला काढता येईनात. म्हणून सरांना विचारून मी आप्पांना प्रयोगशाळेत नेलं. मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांनी त्या नीट न्याहाळल्या. मग म्हणाले, "पोरी, हाई झाड कोनी लावं?"

त्यांनी दोन चित्रं काढली. लहान गांडुळाच्या पेशीला चार-पाचच फांद्या, मोठ्याच्या पेशीला दाट जाळं. सर म्हणाले, "लहानात रंग चढलेला नाही. पुस्तकात बघून पूर्ण कर." प्रयोगवही द्यायला दहा दिवस उरले होते.

"काढा ना आप्पा चार फांद्या जास्त, कोण बघतंय?" मी गयावया केली.

"माले जे दिसनं तेच मी काढसू. काठात एक चौकट खोटी भरी, तर साडीभर चूक उतरस." मग म्हणाले, "पन सर बी खरं असतीन. रंग नसंल चढला. मंग आनखी रंगव. पाहूत."

मी चिडले, पण रंगवलं. पर्वत पाटियाच्या कारखान्यातलं काम आटोपून ते रोज संध्याकाळी येत. नवव्या दिवशी बारा लहान आणि बारा मोठी गांडुळं कागदावर होती. लहानांत फांद्या कमीच. मोठ्यांत दाट, आणि एका पेशीसारखी दुसरी नाही. सरांनी एकेक कागद उजेडात धरून पाहिला. "असंच दे," एवढंच म्हणाले.

मी धावत जाऊन आप्पांना सांगितलं. ते हसले, पण समाधान काही दिसेना.

"मंग ती फांदी फुटस कव्हय? फुटताना आपू एकबी पाही नही."

खरंच होतं. प्रत्येक गांडूळ आम्ही एकदाच पाहिलं होतं, तेही मेल्यावर.

पुढच्या वर्षी काविळीने आप्पा गेले. मी परगावी जाऊन काचेसारखे पारदर्शक, इवलेसे कृमी पाळायला शिकले; त्यांच्या पेशी जिवंतपणी पाहता येतात. एके दुपारी एक फांदी माझ्यासमोर फुटली. पुढे सरकली, थबकली, चक्क मागे आली आणि दुसऱ्या बाजूने निघाली. मागे येते, हे आम्हा दोघांच्याही मनात कधी आलं नव्हतं. आणि ते सांगायला गोडादऱ्यात आता कुणी नव्हतं.