करपलेल्या दुधाचा वास

मी गणिताचा मास्तर. भास, अंगात येणं, करणी… असल्या गप्पा स्टाफरूममध्ये निघाल्या की टर उडवणाऱ्यांत मी पहिला. तेव्हा हे वाचून कोणी माझी उडवली, तर तक्रार नाही.

आई गावी, खर्ड्याला राहायची. केमोसाठी माझ्याकडे केडगावला आली होती. दर तीन आठवड्यांनी नगरच्या एका हॉस्पिटलात जायचो. हॉलमध्ये आठ खुर्च्या, प्रत्येकीला सलाईन. दुसऱ्या वेळी आई नाकाला पदर लावून म्हणाली, "दूध करपलंय रं कुठंतरी." तिथं कुठलं आलंय दूध! पाचच मिनिटांत शेजारच्या बाईचं तोंड लालभडक झालं, श्वास कोंडला. औषधाची ॲलर्जी. सिस्टरनी सलाईन बंद केलं, इंजेक्शनं दिली, बाई वाचली.

तिसऱ्या वेळी पुन्हा तोच वास. आईनं पलीकडच्या आजोबांकडं सरळ बोट केलं — "त्यांच्यापासनं येतोय. बगा की वो सिस्टर!" थोड्या वेळात आजोबांचे ओठ सुजले. तेही वाचले, पण त्यांची सून सगळ्यांदेखत किंचाळली, "ही म्हातारीच करणी करती!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिन्यातच आईवर खेकसलो, "आता वास आला तरी तोंड उघडायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला." रागाच्या भरात माणूस बोलतो, तसं बोलून गेलो.

चौथ्या वेळी आईच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. तिच्याशेजारी बसायलाच कोणी तयार नव्हतं. सलाईन सुरू झालं आणि आईनं नाकाला पदर लावला.

"आजी, काही होतंय का?" सिस्टरनी विचारलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले. तिनं ओठ घट्ट मिटून नकारार्थी मान हलवली. सिस्टर पुढे गेल्या. आणि सांगायला लाज वाटते… आता कोणाची पाळी, म्हणून मी हॉलभर नजर फिरवत बसलो.

सगळे ठीक होते. परत वळलो तेव्हा आईची जीभ सुजली होती, ओठ निळे पडले होते. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले. उपयोग झाला नाही.

डॉक्टर म्हणाले, चौथ्या डोसलाही असं होऊ शकतं. ते मला पटलं. वासाचं विचारलं, तर ते फाईल मिटून उठले. पण खरं सांगू? वासानं माझी झोप उडत नाही.

शपथ मोडली तर मी मरेन, असं ती खरंच मानायची. मी नव्हतो मानत.