कुटुंब क्रमांक एक

"तिला त्या बाजूला सोड. तिच्याशी बोलतील ते. आणि अगं, तशी ती वाटत नाही, हेही बरंच आहे."

मॅडम हे माझ्याबद्दल, गाडीच्या पलीकडून बोलल्या. मी अलीकडे उभी होते. हातात कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. गाडीच्या काचा उघड्या होत्या. तन्वी, माझ्याबरोबरची दुसरी सहायक, हसली. वाईट हसली नाही. एखादं काम सोपं झाल्यावर माणूस हसतो तेवढंच.

मग मॅडम वळसा घालून माझ्याकडे आल्या. ऊन चढायच्या आत उरक, म्हणाल्या. मी हो म्हणाले.

मी हो म्हणण्यात तरबेज होते. अकोल्याला इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मराठी बोललं की दंड होता, आणि घरची वऱ्हाडी तर तिथे कुणी भाषाच धरत नव्हतं. म्हणून मी बोलणंच कमी केलं. गप्प मुलीला शहाणी म्हणतात. गप्प मुलीचं आडनावही लवकर कुणी विचारत नाही. निदान मला तसं वाटायचं.

आम्ही अमरावतीहून वलगावला आलो होतो. प्रकल्प घरांच्या आर्थिक सुरक्षिततेचा. घरात आजारपण आलं, कमावतं माणूस गेलं, तर घर किती दिवस तग धरेल, ते शोधायचं. विषय चांगला होता. मला मनापासून आवडला होता. मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख, आणि पुढे माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकही त्याच होणार होत्या.

तन्वीकडे वरचं गाव, माझ्याकडे बौद्ध वस्ती. मॅडम तन्वीबरोबर जायच्या. वस्तीत एकदाही आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. वरच्या गावातल्या माड्यांचे जिने मात्र त्या चढल्या. तिथे त्यांना चहा झाला, पोहे झाले, निघताना पिशवीभर संत्री मिळाली. ती संत्री गाडीत आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली.

वस्तीतल्या पहिल्याच घरी पंचफुलाबाई भेटल्या. सत्तरीच्या असतील. मी दारात उभी राहून पाठ केलेली ओळख म्हणायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं. "तू कोणाची वं पोरी?" मी आडनाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आपलीच तं हायेस. सरकारी बाईवानी उभी काहून राहिली? बस ना." मी बसले. त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा कुठे कामाला, सून कशात पैसे ठेवते, कोणता दागिना मोडला, कुणाला कळू दिलं नाही. फॉर्ममध्ये नव्हतं तेही सांगितलं. बाजूच्या दोघी येऊन बसल्या आणि त्यांनीही सांगितलं. पुढच्या दारांतही तसंच झालं. दुपारपर्यंत माझा गठ्ठा संपला.

परतताना मॅडम खूश होत्या. तन्वीला म्हणाल्या, बघ, मी म्हटलं नव्हतं?

आता एक मागची गोष्ट सांगायला हवी. गावात जाण्याआधी मॅडमनी आम्हा दोघींना आपापल्या घराचा फॉर्म भरायला लावला होता. सराव म्हणून. दुसऱ्याच्या दारात जायच्या आधी आपलं दार उघडून बघा, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मला ते पटलं होतं. मी अकोल्याला फोन लावून बाबांना एकेक प्रश्न विचारला. बाबा पाटबंधारे खात्यात लिपिक आहेत. आई घरी शिवणकाम करते. पगाराचा बराच भाग मूर्तिजापूरला जातो, माझ्या काकूकडे. मोठे काका गेले, त्यांची दोन मुलं शिकत आहेत. एक आयटीआयला, एक नर्सिंगला. हे लिहू का, असं मी विचारलं.

बाबा म्हणाले, "जे हाय ते लिव. लपवाचं काहून? चोरी थोडीच करून राहिलो."

मी लिहिलं. सगळं खरं लिहिलं. नाव नसलेला तो फॉर्म गठ्ठ्यात पहिला होता, म्हणून त्याला क्रमांक एक पडला.

फॉर्म गोळा झाले की उत्तरांना आकडे द्यायचे असतात, म्हणजे संगणकाला कळतं. ते काम माझं. नियमांची एक पुस्तिका होती. त्यात कुटुंबाची व्याख्या अशी: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. चुलीबाहेर गेलेला पैसा म्हणजे गळती. गळतीचा आकडा चार. जितके चार जास्त, तितकं घर असुरक्षित.

काकूची चूल मूर्तिजापूरला. आमची अकोल्याला. मी आमच्या घरापुढे चार टाकला. वस्तीतल्या घरांपुढेही टाकत गेले. कुणी बहिणीच्या मुलीला हॉस्टेलला ठेवलेलं, कुणी पुण्यात शिकणाऱ्या भावाला दरमहा पैसे पाठवलेले. चार. चार. हात भराभर चालत होता.

मग वरच्या गावातलं एक घर आलं. पन्नास एकरांचं. त्यांचा पुतण्या नागपूरला डॉक्टरकी शिकतो, त्याचे आईवडीलही तिकडेच राहतात. चूल वेगळी. फी इथून जाते. मी चार टाकला. मॅडमनी तो खोडला आणि त्यांच्या हिरव्या शाईने दोन लिहिला. दोन म्हणजे शिक्षणातली गुंतवणूक.

मी फॉर्म घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. विचारलं की इथे चूल वेगळी आहे ना. त्या म्हणाल्या, अगं, जमीन एकत्र आहे, ते एकत्र कुटुंबच धरायचं. मी म्हटलं, मग क्रमांक एकचं? तिथेही पुतण्यांचं शिक्षणच आहे.

"तुमच्याकडे ते वेगळं असतं गं," मॅडम म्हणाल्या.

मान वर न करता म्हणाल्या. तुमच्याकडे. मी जागेवर जाऊन बसले.

तेव्हा मला सांगता आलं असतं. माझे बाबा शिकले ते याच मोठ्या काकांमुळे. काकांनी मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनमध्ये रुईच्या गाठी उचलल्या. पाठ वाकली. स्वतः चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. त्या गाठींवर बाबांची बी.ए. झाली, बाबांच्या नोकरीवर माझी इंग्रजी शाळा झाली. याला कोणता आकडा द्यायचा? आमच्याकडे एकत्र ठेवायला जमीन नव्हती. एक शिकलेला होता, त्याची कमाईच एकत्र ठेवली.

पण मी थकले होते. आणि मार्गदर्शक त्याच होणार होत्या. उलट, अहवालाचं इंग्रजी मी लिहिलं. मॅडमना माझं इंग्रजी आवडायचं. सवयीने पैसा बाहेर देणारी कुटुंबं, हे वाक्य माझं. छान जमलंय, असं त्यांनी समासात लिहिलं.

मग अकोल्याचा कार्यक्रम आला. नुसतं संशोधन नको, ते लोकांपर्यंत जायला हवं, म्हणून बचत गटाच्या बायकांसाठी सभागृहात एक दिवसाचं शिबिर. माझ्या आईचाही गट होता. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. जांभळी साडी, चष्मा पुसून घातलेला. शेजारणीला हळूच माझ्याकडे बोट करून दाखवत होती. मी लॅपटॉपशी होते. मॅडम बोलणार, मी स्लाइड पुढे सरकवणार.

चौथी स्लाइड लावली आणि पडद्यावर आलं: कुटुंब क्रमांक एक. वडील सरकारी नोकरीत. आई शिवणकाम. राहणार अकोला. शेजारी एका घराचं चित्र, आणि त्याच्या छतातून नाणी टपकतायत. ते चित्र तन्वीने केलं होतं. कुणाचं घर ते तिला माहीत नव्हतं. मॅडमना माहीत होतं. मला आदल्या दिवशी स्लाइड पाहायला मिळाल्या नव्हत्या.

मॅडम चांगलं बोलतात. त्या म्हणाल्या की बघा, पगार महिन्याच्या महिन्याला येतो आणि पाझरून जातो, स्वतःच्या मुलीच्या लग्नाला काही नाही, आणि भावाच्या पोरांना फी. मागून एक बाई म्हणाली, "पगारदार नवरा भेटून बी भांडं फुटकंच, माय." सभागृह खदखदून हसलं.

मी आईकडे पाहिलं. तीही हसत होती.

मग मॅडम म्हणाल्या, दीर वारला, जाऊ मूर्तिजापूरला, आणि इकडे ही बाई मशीन चालवत बसली आहे. आईचं हसू तोंडावरच राहिलं. तिने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मांडीवरच्या पिशवीकडे. मॅडमनी मला खूण केली. मी बटण दाबलं. पुढची स्लाइड आली.

ऑटोत आई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली. घरी आल्यावर तिने साडी बदलली, पाणी प्यायली, आणि मशीनच्या स्टुलावर बसून म्हणाली, "ते आपलंच होतं ना?"

हो.

"मी बी हसली ना वं पयले. मले समजलंच नाही आपलं हाय म्हून."

ती रडत नव्हती. तिला लाज वाटत होती. स्वतःच्या घरावर आपण चारचौघांत हसलो याची लाज. ती लाज तिच्या वाट्याला मी आणली होती. फॉर्म मी भरला, आकडा मी टाकला, इंग्रजी मी केलं, बटण मी दाबलं.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, की लोक हसले तेव्हा मी काय केलं.

"पुढची स्लाइड लावली," मी म्हटलं.

"बराबर हाय," बाबा म्हणाले. "त्याच्यासाठीच तं शिकवलं तुले."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि काकूच्या मुलीला फोन लावून तिच्या परीक्षेचं विचारत बसले. नेहमीसारखं. मोठ्याने.

सोमवारी मी अमरावतीला परत आले. विभागात गेले. मॅडमनी आत बोलावलं. अहवाल छापायला जायचा होता. क्रमांक एकचं घर त्यांना त्यात नमुना म्हणून सविस्तर घ्यायचं होतं, शिबिरात ते फार गाजलं होतं. फक्त एक राहिलं होतं. माहिती देणाऱ्याने सही केलेलं संमतीपत्र प्रत्येक फॉर्मला लागतं. सरावाच्या फॉर्मला ते घेतलेलं नव्हतं.

त्यांनी कोरं संमतीपत्र माझ्यापुढे सरकवलं. वर पेन ठेवलं. म्हणाल्या, बाबांची सही तूच करून टाक, तारीख मागची घाल. त्याच फाईलमध्ये माझं पुढच्या वर्षाचं नेमणूकपत्र होतं. मला दिसेल असं ठेवलेलं. त्यावर त्यांची सही अजून व्हायची होती.

मी पेन उचललं नाही. त्यांना वाटलं मला नीट समजलं नाही. त्यांनी परत सांगितलं. यात नाव कुठे आहे, कुणाला कळणार आहे. मग खुर्चीत मागे टेकून, अगदी मायेने म्हणाल्या, "आणि तुला कशाला एवढं लागतंय? तू तर आता आमच्यातलीच आहेस."

बाहेर तन्वी प्रिंट काढत होती. दार उघडं होतं. मला थकवा आला होता. भीतीही वाटत होती, खोटं कशाला सांगू. खोलीचं भाडं, पीएचडी, सगळं त्या टेबलावर होतं. आणि इतक्या वर्षांची गप्प राहण्याची सवय होती. हो म्हणायला एक क्षण पुरला असता.

मी संमतीपत्र त्यांच्याकडे परत सरकवलं. तन्वीलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"सही बाबांची आहे, मी करणार नाही. आमचं घर अहवालातून काढा. उद्या मी वलगावला जाते आहे. त्या घरांबद्दल आपण काय लिहिलं ते मी प्रत्येक दारात मराठीत वाचून दाखवणार आहे. त्यातलं कोणतं वाक्य मी लिहिलं, तेही सांगणार आहे. ऐकून ज्यांना संमतीची सही परत हवी असेल, त्यांचे फॉर्म मी तुमच्याकडे मागायला येईन. आणि तेव्हा मी एकटी नसेन."