तांब्यातलं प्रभुभोजन

"तोंड लावू नोको. ओंजळ कर."

पाटलीणबाई माझ्या मायला म्हणाली. भर प्रार्थनाघरात. प्रभुभोजनाच्या वेळी.

आमचं गाव तेलंगणात, इचोड्याहून आत, बाजारहत्नूरच्या अंगाला. पाटलाचं घराणं ख्रिस्ती आणि आमचा महारवाडाही ख्रिस्ती. देव एक झाला होता. विहीर झाली नव्हती.

पाळक महिन्यातून एकदा प्रभुभोजन द्यायला आदिलाबादहून यायचे. पुढे सतरंजीवर पाटलाच्या घरच्या बायका. त्यांना पाळकांनी प्याला ओठांपर्यंत नेऊन दिला. आम्ही मागे, भुईवर. आमच्याकडे पाटलीणबाई तांब्या घेऊन आली. मायनं ओंजळ केली. वरून धार पडली. मनुका उकळून केलेला, ख्रिस्ताचं रक्त म्हणून प्यायचा रस. कापूस वेचून मायची बोटं चिरलेली. फटींतून रस गळाला, लुगड्यावर डाग पडले. मायनं तळवे चाटले. सगळ्यांसमोर.

पाळकांनी पाहिलं. मग डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

घरी येताना मी विचारलं, "माय, काऊन चाटलं वं?"

"देवाचं रगत हाय ते, बाई. सांडू नोये."

माझी शाळा तेलुगू. मराठी वाचायला मामानं शिकवलं, घरातल्या एकुलत्या एका पुस्तकावर. शास्त्रावर, म्हणजे बायबलवर. तोवर शास्त्र म्हणजे पाटलाचं तोंड. दासांनी धन्याचं ऐकावं, हा भाग तो हटकून वाचायचा. रविवारी हे ऐकायचं. सोमवारी त्याच्याच रानात वाकायचं.

एका दुपारी शेवटच्या पत्रांमधलं एक पान लागलं. सभेत सोन्याची अंगठी घालून कुणी येतो, त्याला तुम्ही चांगली जागा देता. मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवता. असं करता ते पाप आहे. मी पुन्हा वाचलं. इतकी वर्षं हे लिहिलेलं होतं. आम्हाला कुणी वाचून दाखवलंच नव्हतं.

मायला वाचून दाखवलं. तिनं डोक्यावर पदर घेतला.

"पुन्यांदा वाच."

वाचलं. तिनं दाराकडे पाहिलं. "आता ठेव. पाटलाच्या कानावर जाईन."

पुढे माय छातीच्या दुखण्यानं गेली. तिचे हात गेले नाहीत. मी कापूस वेचायला वाकले की पऱ्हाटीत दिसायचे. जोडलेले. गळणारे. आजही मी ओंजळीनं पाणी पीत नाही. घसा कोरडा पडला तरी नाही.

तिला पुरल्यानंतरचं पहिलं प्रभुभोजन. मी तिच्याच जागी बसले. पाटलीणबाईचा तांब्या माझ्यापुढे थांबला.

"कर ओंजळ."

मी हात पाठीमागे नेले. "प्याल्यातून देत असान त द्या. नाही त नोको."

पाळक जवळ आले. "बाई, शास्त्र नम्र व्हायला सांगतं."

मी उभी राहिले. शास्त्र उघडलं. ते पान मोठ्यानं वाचलं.

पाटील ओरडला, "तुह्या मायनं कधी मान वर नाही केली!"

"म्हनूनच मी केली."

तांब्या पुढे सरकला. शेजारी माझी मावशी. तिनं ओंजळ केली, मान खाली घालून. मी तिला बोल लावला नाही. पण ती धार पडल्याचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

पाटलाच्या रानातलं काम सुटलं. प्रार्थनाघराचं दार मला बंद झालं. मी इचोड्याच्या एका ढाब्यावर भाकरी थापू लागले. शास्त्र सोडलं नाही. तेही मला सोडत नाही. वैऱ्यावर माया कर म्हणतं, तिथं माझे दात आवळतात. पान उलटावंसं वाटतं. उलटत नाही. पाटलीणबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्यासाठी प्रार्थनेला गुडघे टेकले. पहिल्या दिवशी शब्दच फुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी फुटले.

त्याच सुमारास मावशी निरोप घेऊन ढाब्यावर आली. घाबरलेली. "मंडळीपुढं माफी माग मनते पाटील. मंग येऊ देतो मनते आत."

मी पिठाचे हात झटकले.

"माफी त मी त्यायले कवाच देऊन बसली, मावशी. मागनार नाही."