ओला लगदा

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत होतो. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते. तिच्या काड्या कॉस्टिक सोड्यात शिजवायच्या, त्यातलं झायलन नावाचं डिंकासारखं द्रव्य विरघळवून वेगळं काढायचं आणि उरलेल्या सेल्युलोजच्या लगद्यावर रसायन चढवून तो पाण्यात विरघळेल असा करायचा, हे माझं काम.

हाताखाली उमरेडचा एक विणकर होता. घरचा माग बंद पडला म्हणून तो आमच्याकडे रोजंदारीवर आला. वयाने मोठा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. त्याला कायम करण्याचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

मी लगदा ओव्हनमध्ये कडक वाळवायचो, म्हणजे वजन अचूक मिळतं. पण त्यावर रसायन चढेना. पाण्यात टाकला की तळाशी नुसत्या गाठी.

"काहून एवढं भाजून राहिले जी, साहेब? सूत एकदा कडक वाळलं का मंग खळ पेत नाही. ओलंच राहू द्या."

"मग तूच घे ना डॉक्टरेट."

"घेतली असती जी. पण मंग तुमच्या काड्या कोन शिजवन?"

मी हसलो. दोन दिवसांनी तो रजेवर असताना मात्र ओलाच लगदा घेतला. द्रव काचेसारखा स्वच्छ आला.

त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी विचारलं, आधीचे सगळे नमुने वाया कसे गेले? मी म्हणालो, "मदतनिसाने ओव्हन फार तापवला." ओव्हनचा काटा रोज मीच लावायचो. तो तिथेच बेसिनपाशी बाटल्या धूत होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाटली धुवायला लागला.

कागद सहीविना परत आला. महिनाअखेर त्याचं काम सुटलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "साहेब, आता तरी ओलंच ठेवजा."

पुढे माझा लेख छापून आला. 'लगदा न वाळवता वापरल्यास प्रक्रिया चांगली होते असे आढळून आले,' असं मी त्यात लिहिलं. त्या लेखावर मला बढती मिळाली. ते मला आढळलं नव्हतं. त्याने सांगितलं होतं.

नंतर माफी मागायला म्हणून मी दोनदा उमरेडला गेलो. दोन्ही वेळा बसस्टँडवर चहा पिऊन परतीच्या गाडीत बसलो.