शेपटीतले अकरा

जगात धड बसलेली एकही गोष्ट नाही, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. विमानतळाजवळच्या एका वर्कशॉपात काका पत्रे जोडायचं काम करत. दिवसभर दुसऱ्यांच्या विमानांना रिव्हेट ठोकून हौस भागत नसे म्हणून की काय, वाकोल्याच्या चाळीमागे शेड घालून त्यांनी स्वतःचं विमान बांधायला घेतलं होतं. दुसरी मोठी लढाई संपून पाचसहा वर्षं झाली होती आणि भंगारात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मिळत होता. विमानाला इंजिन नव्हतं. विचारलं की म्हणत, "इंजिन काय, कधीतरी मिळेल. आधी सांगाडा तर धड बसू दे!"

कुठेही गेले तरी त्यांचा अंगठा आधी पत्र्यावरून फिरे. बसमध्ये बसल्याबसल्या समोरच्या सीटच्या पाठीचे रिव्हेट चाचपत आणि वाकडा लागला की उसासा टाकून पुढच्या स्टॉपला उतरत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "खुर्ची बदला, हिचे दोन सैल आहेत." खुर्ची काही मोडली नाही, पण सासरे लग्नभर अर्धे उभेच राहिले. घरी विमानात एखादा रिव्हेट केसभर तिरका बसला तरी ते तो पोखरून काढत. म्हणत, "वाकडा रिव्हेट आणि वाकडा भाऊ सारखेच रे. स्वतः भार उचलत नाहीत, शेजाऱ्यावर टाकतात." सख्ख्या भावाशी त्यांचं दहा वर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे यावर कोणी हसत नसे.

सगळं अडलं ते शेपटीत. रिव्हेटवर बाहेरून हातोडी मारताना आतून कोणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो. शेपटीच्या टोकाला आत जायला मुठीएवढं भोक, आणि हात कोपरापर्यंत घालायचा. काकांचा पंजा फावड्याएवढा, माझा त्याहून जाड. चाळीतल्या पोरांचे हात जात, पण त्यांना ठोकळा पेलत नसे. परदेशात म्हणे बाहेरूनच ओढून बसवायचे रिव्हेट निघाले होते, पण ते आणणार कोण? राहता राहिली मावशी. तिचा हात काडीसारखा, पण मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या कितीही वर सरकवल्या तरी भोकाच्या कडेला अडत. एकदा तिने तसाच हात रेटला आणि एक बांगडी आत वाढली. त्या दिवशी मावशी पांढरीफटक पडून देवापुढे बसून राहिली.

"दोन तास काढून ठेव गं, कोण बघतंय?" काका म्हणाले.

"अहो, यात तुम्हीच बसणार ना?" ती म्हणाली. "मग हात मोकळे करून मी याचे खिळे ठोकू?"

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा हा माणूस त्या दिवशी उठून आत ठोकळा धरेल अशी सळई वाकवायला लागला. पुढे त्यांनी हरतऱ्हेच्या वाकड्या सळया करून पाहिल्या. एकही रिव्हेट सरळ बसला नाही. इतर सगळं झालं, शेपटीतली अकरा भोकं तेवढी उघडी राहिली.

मग एका थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. तीन आठवड्यांत माणूस खाटेला चिकटला. मी भेटायला गेलो तर खाटेच्या लोखंडी पट्टीवर त्यांचा अंगठा फिरत होता. "अकरा राहिले रे," ते पुटपुटले. पायाशी बसलेली मावशी हातातल्या बांगड्यांकडे बघत होती. हळूच म्हणाली, "काढू का?"

"नको गं," काका म्हणाले. "राहू देत." एवढ्या मऊ आवाजात त्यांना बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि नंतर ऐकायला मिळालं नाही. चार दिवसांनी ते गेले.

तेरावा उलटून महिना झाला असेल. एका रविवारी मावशीने मला बोलावून घेतलं आणि शेडचं कुलूप काढलं. वर्षानुवर्षांची भरलेली मनगटं उघडी पाहून मला कुठे बघावं कळेना. तिने पदर खोचला, ठोकळा उचलला आणि भोकात हात घातला. कोपरापर्यंत हात अलगद गेला, कुठेही अडला नाही.

"मार," ती म्हणाली.

मी हातोडी मारत गेलो. डोळ्यांपुढे धड दिसत नव्हतं, रिव्हेट कसे बसले देव जाणे. अकरावा झाल्यावर तिने हात बाहेर काढला आणि वर सरकवलेल्या बांगड्या खाली ओढाव्यात तसं सवयीने कोपराजवळ चाचपलं. हात क्षणभर तिथेच थांबला. मला रडू फुटलं. ती रडली नाही. तिने पुन्हा आत हात घातला आणि एकेका रिव्हेटवरून सावकाश अंगठा फिरवला.

"सातवा वाकडा बसलाय," ती म्हणाली. "काढ तो. त्यांना चालला नसता."