दीपस्तंभावरचे दाजी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, कोकणातल्या एका बेटावर दीपस्तंभ सांभाळतात. एवढं साधं वाक्य मला आमच्या शिरड शहापुरात कधी उच्चारता आलं नाही.

कारण सांगतो. आमच्या गावात दिवाबत्तीवाला म्हणजे ग्रामपंचायतीचा माणूस. खांबावरचा दिवा गेला की कुणीही उठावं आणि त्याच्यावर डाफरावं. समुद्र आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. दाजी दिव्यावर असतात म्हटलं असतं, तर भावकीनं त्यांना त्याच माणसाच्या शेजारी नेऊन बसवलं असतं.

वडील गेल्यावर अधिक महिन्यातलं जावयाचं धोंड्याचं जेवण माझ्याकडं आलं. मी हौसेनं भावकी बोलावली. रीतीप्रमाणं तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा ताटात ठेवून दाजींच्या हाती दिला. दिवा देताना तरी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पंगतीत चुलत्यांनी दाजींना विचारलं, "काय करून राहिले पाहुणे सध्या?" दाजी तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "बंदर खात्यात मोठे सायब हायेत."

चुलते लगेच सरसावले. "मग आमच्या पोराला चिटकवा की तिकडं!"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी धोंड्यावर तूप ओतत बसलो. "बघतो," दाजी म्हणाले. वाढणारी बहीण जागच्या जागी थांबली. निघताना ती मला एवढंच म्हणाली, "ह्यांनी आजवर खोटं बोललेलं मला ठाऊक न्हाई. तुझ्यापायी बोलले."

चुलत्यांनी पुढं कितीतरी महिने दाजींना फोन करून भंडावलं. दाजी त्यांना कसंबसं टोलवत राहिले, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत.

त्या हिवाळ्यात मी बेटावर गेलो. होडीतून उतरताना दाजींनी नावाड्याला सांगितलं, "हे माझे मेहुणे. हळद पिकवतात. असली हळद तुमी बघितली नसल." माझ्या दोन एकरांचा त्यांना केवढा अभिमान! मला तोंड कुठं लपवावं कळेना.

स्तंभ इंग्रजांच्या काळातला, दगडी. गोल जिना चढून वर गेलो. वर माणसापेक्षा उंच भिंग होतं आणि दाजी ते मऊ फडक्यानं पुसत होते. प्रत्येक दीपस्तंभाच्या दिव्याची उघडझाप वेगळी असते, तिच्यावरून आपण कुठं आहोत ते होडीवाल्याला कळतं, असं ते सांगत होते. आता यंत्रं आली, तरी म्हातारे नावाडी आधी दिव्याकडंच बघतात म्हणाले. माफी मागायची हीच वेळ होती. शब्द जिभेवर आले आणि मी विचारलं काय, तर जिन्याला पायऱ्या किती!

बरं, गावी परतल्यावर तरी खरं सांगितलं का? नाही. साहेबांचं ऑफिस म्हणून भावकीला स्तंभाचे फोटो दाखवले. नाक कापून घ्यायला हवं असा मी माणूस.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला. मी दाजींना जेवणाचं आवतण द्यायला फोन केला.

"येतो की," दाजी म्हणाले. मग पुढं बोलले. आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "फकस्त ह्या बारीला मी कोण हाये, ते आधी सांगून ठेवा. माझी चूक नको व्हायला."