सात ठेवायची होती

माझ्याकडे जुनी मनगटी घड्याळं एक्केचाळीस. त्यातली सात ठेवायची, वाराला एक, आणि बाकीची शौकिनांना देऊन टाकायची असं मी यंदा ठरवलं. इथे सुरतेत, पर्वत पाटिया भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे घड्याळजी दुकान बंद करून मुलाकडे बारडोलीला गेले. चावीचं घड्याळ उघडून नीट करणारा दुसरा कोणी मला शहरात सापडला नाही, आणि बंद घड्याळं नुसती सांभाळण्यात मला राम वाटत नाही.

ठरवणं सोपं होतं, पण निवडताना घोडं पेंड खाऊ लागलं. पहिल्या दिवशी बाजूला काढलेली सात दुसऱ्या दिवशी अकरा झाली. बायको शेजारी मेथी निवडत होती. म्हणाली, "माझ्या दोन जुड्या झाल्या. तुमचं चालू द्या."

मग हात पुसून टेबलाशी आली. "नानांचं कुठलं ह्यात? ते आधी काढा."

नाना म्हणजे माझे सासरे. आमच्या धुळ्याकडे लग्नात जावयाला घड्याळ-अंगठी देतात. नानांनी भर मांडवात स्वतः माझ्या मनगटावर पट्टा बांधला होता; बक्कल लागेना, तेव्हा सगळे हसले होते. साधं, पांढऱ्या डायलचं घड्याळ. तसली ढिगाने मिळत, म्हणून वीसेक वर्षांपूर्वी मी ते एका व्यापाऱ्याला देऊन बदल्यात चौकोनी स्विस घड्याळ घेतलं. "आवो पीस फरी नहीं मळे, साहेब," तो म्हणाला, आणि असा नग पुन्हा मिळायचा नाही म्हटल्यावर मी पाघळलो. घरी सांगितलं, नानांचं दुरुस्तीला दिलंय. तिने पुन्हा विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

आता थाप मारायला घड्याळजीही उरले नव्हते. मी सगळं सांगून टाकलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर भीती जास्त वाटली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. "कशाच्या बदल्यात?" एवढंच विचारलं. मी चौकोनी दाखवलं. माझ्या संग्रहातलं सगळ्यात देखणं. सातांत ते पहिलं, त्यात मला कधी शंकाच नव्हती. तिने ते उलटंसुलटं पाहिलं, बांगड्यांच्या वर सैलसर बांधलं आणि मेथी घेऊन आत गेली.

दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या सकाळी मी चहा पीत असताना समोर येऊन हात पुढे केला.

"बंद पडलं. चावी द्या."

"काढून दे."

"असंच द्या."

मनगटावर असताना चावी देऊ नये, आतली दांडी वाकते. हे मी इतरांना शंभरदा सांगितलंय. तिला सांगितलं नाही. आता रोज सकाळी ती हात पुढे करते, मी चावी देतो, आणि चावी भरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत उभी राहते. माझ्याकडे सहाच राहिली. ते मागायला माझी जीभ रेटत नाही.